वैशाखातल्या सात्या

ऐकायचंच आहे ना? मग आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या नाकातून चहा आला होता. आणि हसायचं तर मला हसा, माझ्या आत्याला नाही. ती बिचारी त्या दिवशी उपाशी ताटावर बसली होती, तीही माझ्यामुळे.

मी कशी आहे ते तुम्हाला माहीतच आहे. फोन वाजला की दचकते. मागून कुणी हाक मारली की दचकते. आणि कुकरची शिट्टी झाली की मी अंगणात असते. पळते असं म्हणू नका हं, मी फक्त तिथे असते! बी.ए. झालं, फर्स्ट क्लासमध्ये झालं, पण शिट्टीचं काही झालं नाही.

तर अशा मला नागपूरला जाऊन ग्रंथपालाचा कोर्स करायचा होता. होस्टेलला मेस नव्हती. खोलीत शेगडी ठेवा आणि आपलं आपण शिजवून खा. बाबांनी एवढं ऐकलं आणि पेपर घडी करून ठेवला.

"तू? एकटी? शिजवून खाशील? अवो, पहिल्या शिट्टीले पळत सुटशील तं सरळ नागपूर टेसनावर. तिथून गाडी पकडून गोंदियाले परत!"

मी रडले नाही. बरं, थोडी रडले. पण मग डोळे पुसून म्हटलं, "बाबा, एक दिवस सगळा स्वयंपाक मी एकटी करते. आई हात लावणार नाही. जेवा, मग सांगा."

बाबा चतुर. म्हणाले, "मी कायले सांगू? मोठ्या बाईले बोलावतो. ते पास म्हणते तं तू जाय. नापास म्हणते तं हा विषय पुन्हा नाही."

मोठ्या बाई म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. सडक अर्जुनीच्या पलीकडे खेड्यात राहायची. बाबांना तिनेच वाढवलं होतं, त्यामुळे तिच्या शब्दापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालायचं नाही. बाबांचं लग्न तिने जमवलं, आमच्या घराचा कुडव्यातला प्लॉट तिने पसंत केला, आमच्या कुत्र्याचं नावसुद्धा तिनेच ठेवलेलं. म्हणजे बघा! माझं नागपूर आता तिच्या जिभेवर होतं.

आणि त्या जिभेला वर्षभर एकच गोष्ट हवी होती. सात्या.

आमच्याकडचे नसाल तर सांगते. पावसाळा लागला की जंगलात वारुळांवर पांढऱ्या छत्र्या निघतात, त्या सात्या. कॉलेजात त्याला मशरूम म्हणायचं. मोजके दिवस मिळतात आणि त्या दिवसांत मटणालाही कुणी विचारत नाही. मागच्या पावसाळ्यात आत्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्या सात्या हुकल्या. तेव्हापासून दर फोनवर, कुणी आजारी असो की कुणाचं लग्न असो, शेवट तोच. "यंदा सात्या काही तोंडात पडल्या नाही वो माय."

आता मला सांगा, परीक्षकाला काय आवडतं हे आधीच कळलं तर कोणता विद्यार्थी गप्प बसेल?

पण महिना मे. सात्या आणायच्या कुठून?

बाजारात एक नवीन दुकान उघडलं होतं, काचेच्या दाराचं. त्या दारालाही मी पहिल्यांदा दचकले होते, कारण समोरून माझ्यासारखीच एक घाबरट मुलगी येताना दिसली. आत गेले तर समोरच्या फळीवर चकचकीत पाकीट. त्यावर वाडगा, आणि वाडग्यात काय म्हणता? सात्या! गुबगुबीत, पांढऱ्याशुभ्र, वाडग्याबाहेर सांडणाऱ्या! वर सोनेरी अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं 'मशरूम'. त्याच्याखाली दुकानदाराने किमतीची चिठ्ठी चिकटवलेली.

"भैया, इसमें सच में मशरूम है?"

"मॅडम, फोटो में क्या दिख रहा है? टमाटर?"

मी पाकीट हलवलं. खसखस वाजलं. हलकं लागलं. म्हणजे वाळवलेल्या आहेत! आमच्या घरी दर उन्हाळ्यात वांगी, टमाटर कापून वाळवतात. त्याला खुला म्हणतात. पावसाळ्यात तो खुला पाण्यात भिजवला की मस्त फुगतो. तसंच हे. पाकिटामागे लिहिलंही होतं, पाण्यात घाला आणि ढवळा. झालं तर मग!

मी काळजी करणारी आहे, बावळट नाही. शेवटची तारीख वाचली. पुन्हा वाचली. हिरवा ठिपका बघितला. कारखान्याचा पत्तासुद्धा वाचला. आणि फळीवर होती तेवढी सगळी पाकिटं उचलली.

घरी येऊन पहिलं काम, फोन. "आत्या, रविवारी ये. सात्या खाऊ घालते."

पलीकडून आत्या, "वैशाखात? डोस्कं ठिकाणावर हाय ना वो पोरी?"

"तू ये तर!"

"येतो. पण सात्या नसल्या ना, तं मी काही नागपूर-फागपूर ऐकणार नाही."

इथेच थांबायला हवं होतं. पण आई कुंपणापाशी बोलली आणि शेजारच्या चाचीला कळलं. ती रविवारी सकाळीच स्टीलची वाटी घेऊन दारात. "बेटी, बस एक कटोरी. तेरे चाचा के लिए."

आत्याही आली. येताना बरोबर मामंजी, म्हणजे तिचे मिस्टर, आणि त्यांचे एक पाहुणे. पाहुणे खास सात्यांसाठी थांबलेले! मी म्हटलं, हरकत नाही, पाकिटं भरपूर आहेत. पदर खोचला, दार अर्धं लोटलं. आई उंबरठ्यावर हाताची घडी घालून उभी, हात लावणार नाही या करारात.

पहिलं पाकीट कापलं. पातेल्यात उपडं केलं.

भुस्स!

पांढरा धुरळा उडाला, मी दचकून मागे, डोकं फळीला. खाली बघते तर पीठ. नुसतं पीठ!

वाटलं, वाळवताना भुगा झाला असेल, सात्या तळाशी असतील. दुसरं कापलं. पीठ. तिसरं. पीठ. सगळी कापली, चाळणी घेतली आणि सगळं पीठ चाळलं. चाळणीत काय राहिलं असेल? काळपट कण. उंदीर येऊन गेल्यासारखे!

"काय गं?" आईने उंबरठ्यावरून विचारलं.

"काही नाही. फुगतील."

आणि मी खरंच ते कण वाटीत भिजत घातले. हसू नका! खुला फुगतो की नाही? तसे हेही फुगतील असं मला मनापासून वाटत होतं. झाकण ठेवलं. झाकण उचललं. पुन्हा ठेवलं. बराच वेळ झाल्यावर ते तिळाएवढे झाले आणि तिथेच थांबले.

बाहेरून आत्याचा आवाज. "झाल्या का वो सात्या?"

"होऊन राहिल्या!"

त्या क्षणी खरं सांगून टाकायचं ना? पण नागपूर डोळ्यांपुढे. मी दात आवळले, कांदा लाल केला, तिखट घातलं, आत्याला आवडतो तसा लसूण घातला, मीठ घातलं. ते पीठ पाण्यात कालवून वर ओतलं. त्या पिठात आधीच मीठ होतं, आणि ते सगळ्या पाकिटांचं मिळून, हे मला कुठे माहीत?

रस्सा घट्ट झाला. आणखी घट्ट झाला. मग त्यात डाव उभा राहिला. मग कढई गदगदायला लागली आणि एकेक बुडबुडा असा फुटायचा की शिंतोडा थेट हातावर. प्रत्येक बुडबुड्याला मी एक किंकाळी. शेवटी एका हातात कुकरचं झाकण ढालीसारखं धरलं आणि दुसऱ्या हाताने ढवळलं. पण अंगणात गेले नाही, हे लक्षात ठेवा.

ताटं वाढली. आत्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि रश्श्यात बोट घातलं. इकडून फिरवलं. तिकडून फिरवलं.

"सात्या कुठं हायत वो?"

"आहेत ना. बारीक आहेत."

"बारीक?" तिने बोटावर एक काळा कण घेतला, ऑपरेशनवाल्या डोळ्यासमोर धरला. "हे सात्या होय?"

मामंजींनी घास घेतला आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. पाहुणे म्हणाले, "मले तं आज उपास हाय," आणि हात धुवायला उठले. चाची आपल्या वाटीत वाकून बघत होती. "बेटी, ये तो लेई है. दीवाली का कंदील चिपका लो."

बाबा नुसते माझ्याकडे बघत होते. ते बघणं मला शंभर शिट्ट्यांपेक्षा भारी पडलं.

मी धावत जाऊन पाकीट आणलं. "हे बघ आत्या! असं होतं! मी काय करू?"

आत्याने फोटो निरखून बघितला. "पोरी, पाकीटच शिजवाचं होतं. पीठ काऊन शिजवलंस?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. नागपूर गेलं तर गेलं, पण माणसं माझ्या दारातून उपाशी जाणार? मी सरळ आत गेले. डाळ-तांदूळ धुतले, कुकर चढवला. टमाटर भाजून चटणी ठेचली. आणि एकीकडे ते पाकीट हातात घेऊन किमतीची चिठ्ठी नखाने खरवडली. खाली काय निघालं असेल? मुंगीएवढ्या अक्षरांत 'चवीची सूप पावडर'! म्हणजे मशरूम नाही, मशरूमची चव! आणि वाडग्याच्या कडेला, त्याहून बारीक अक्षरांत, हे चित्र केवळ वाढण्याची कल्पना यावी म्हणून! मला कसली कल्पना देता? लबाडांनो! मी तिथेच उभी राहून त्या पाकिटाला मोठमोठ्याने झापत होते.

झापता झापता मागे बघितलं तर दारात सगळे उभे. बाबांच्या तोंडाचा आ.

"काय झालं?"

"शिट्ट्या झाल्या," बाबा म्हणाले. "चार. तू इथंच हायस!"

मी कुकरकडे बघितलं. वाफ बाहेर पडत होती. मला एकही ऐकू आली नव्हती!

वरण-भात सगळे पोटभर जेवले. उपासवाले पाहुणे तर दोनदा. आत्याने हात धुतले, पदराला पुसले आणि बाबांना म्हणाली, "जाऊ दे रे तिले. सात्यात नापास हाय. पण रागात आली का चांगलं शिजवते. नागपुरात राग यायले काही कमी नाही."

गेले की मी नागपूरला! आणि एक शपथ घेऊन गेले. यापुढे पाकीट असो की डबा, आतबाहेर, वरखाली, मुंगीएवढी अक्षरंसुद्धा वाचल्याशिवाय उघडायचं नाही. होस्टेलच्या मुली मला 'तपासणी नाका' म्हणायच्या. म्हणू देत! मला आता कुणी फसवू शकत नव्हतं.

पावसाळा लागला. एक दिवस गावाकडून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर आत्याने डबा पाठवला. जुना, बिस्किटांचा. वर गोल गोल बिस्किटांचा रंगीत फोटो. मुली भोवती जमल्या.

"उघड ना गं!"

"थांबा," मी म्हटलं. "फोटोवर जायचं नसतं." आणि खालची बारीक अक्षरं वाचायला मी तो डबा पलंगावर बसून, नीट, दोन्ही हातांनी उलटा केला.

सात्या होत्या. खऱ्या, आत्याने पहाटे उठून शिजवलेल्या, लसणाच्या रश्श्यातल्या, गुबगुबीत. गादीने सगळ्या खाल्ल्या.