चार बोटं जास्त

देवळीत बसस्टॉपमागच्या टेलरकडे मी आठ वर्षं ब्लाऊज टाकते आणि आठ वर्षं चिडते. कधी देता असं विचारलं, की दोरा दातांनी तोडत तो म्हणतो, “प्रभूच्या मनात असन तर बुधवारी देतो, ताई.” बुधवारी जावं, तर कापड कापलेलंही नसतं. भिंतीवर लाकडी क्रूस आणि त्याखाली आमची रखडलेली गाठोडी. देवाच्या नावावर हा आपला आळस खपवतो, असं माझं ठाम मत होतं.

यंदा पावसाळ्यापासून त्याची सहा वर्षांची मुलगी वर्ध्याच्या दवाखान्यात आहे. डॉक्टर खात्री देत नाहीत, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. दिवाळीआधी मी गेले, तर तो लाल फ्रॉक शिवत होता.

“कोणाचा?”

“पोरीचा. नाताळाचा.”

नाताळ दोन महिने लांब होता. वेळेआधी काही शिवताना मी त्याला प्रथमच पाहत होते.

लहान मुलांच्या फ्रॉकला तो खाली दोन बोटं कापड आत दुमडतो, पुढे उसवून लांब करता यावं म्हणून. इथे त्यानं चार बोटं दुमडली.

“एवढं कशाला?”

“पुढच्या नाताळालेबी झाला पाहिजे न. पोरगी लवकर वाढते.”

‘प्रभूच्या मनात असन तर’ असं या वेळी तो म्हणाला नाही. घेराची एक कड माझ्या हातात देऊन तो टाचण्या लावू लागला. थोड्या वेळानं मान वर न करताच म्हणाला,

“ताई, सरळ धरा न. चार बोटं पुरी आली पाहिजे.”