नीतावहिनी आणि कायरल कार्बन

आज सकाळी नीतावहिनी गेली.
रडू येत नाहीये. नुसती झोप येतेय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत ती दादाची बायको होऊन आली, तेव्हा तिचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष चालू होतं. ऑरगॅनिक केमिस्ट्री राहिली. पुन्हा बसायचं ठरलं तोवर मिहीर झाला होता.

दादाने सांगून टाकलं, "या वेळी राहिलं तर बस्स हां, नीता."

मी बारावी कॉमर्सला. मांडीवर मिहीर, हातात उत्तरांचं पान. तिची उजळणी मी घ्यायची.

कार्बनला चार हात. चारही हातांना वेगवेगळं काही जोडलेलं असेल तर तो कायरल, त्याच्यावर चांदणी काढायची. एवढं मलाही कळलं होतं.
सरळ साखळीत वहिनी चुकायची नाही. साखळीची टोकं जुळून रिंग झाली की वाट लागायची.

"वहिनी, इथे चांदणी हवी."
"नाही गं. दोन्ही बाजूंना सीएच-टूच आहे. सारखंच."
"पुढे जाऊन बघ ना."

ती एका बाजूने बोट फिरवत निघाली. लगेच ऑक्सिजन लागला. दुसऱ्या बाजूने वेगळं काही लागतं का ते बघायला निघणार, तेवढ्यात आतून आई,
"नीता, दूध उतू जाता गो!"

ती उठली. परत आली ती थेट पुढच्या प्रश्नावर.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला येत होतं सगळं. रिंगला पूर्ण फेरी मारायला तिला कोणी देतच नव्हतं.

मी आईला म्हटलं, "परीक्षेपर्यंत दुपारी तिला हाक मारायची नाही."
"माका काय हौस आसा हाक मारूची? दूध कोण बघतलो?"
"मी."
"पोर?"
"मीच."
"आणि तुझी बारावी?"

त्या बारावीचं काय झालं ते विचारू नका.

वहिनी पास झाली. साकीनाक्याला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागली. आजारी पडेपर्यंत तिथेच होती.

गेले कित्येक महिने नुसतं हॉस्पिटल.
शेवटी शेवटी नर्स म्हणाली, हाका मारत राहा.
आम्ही मारत होतो. दादा, मिहीर, मी. प्रत्येक हाकेला ती कसेबसे डोळे उघडायची. इतकी दमलेली.

आज पहाटे दादा म्हणाला, "सुलू, हाक मार ना गं. तुझं ऐकते ती."

मी नाही मारली.
हात धरून बसून राहिले. मग दादानेही हाका थांबवल्या.

वहिनी, सावकाश जा.
घरचं मी बघते.