बायरसाठी मेंदी

डोंबिवलीच्या एमआयडीसीत सूत आणि कापड रंगवायच्या एका कारखान्यात मला नोकरी लागली ती माझ्या इंग्लिशमुळे. नव्वद साल उलटलं होतं आणि परदेशी बायर ‘नॅचरल’ माल मागायला लागले होते. रंग झाडपाल्याचा हवा, पाणी खराब होता कामा नये, काम करणारे सुखी हवेत. हे सगळं आमच्याकडे आहे, असं सांगणाऱ्या चिठ्ठ्या मी लिहायचे. त्या सुतळीने कपड्याला बांधल्या जायच्या. शेठ त्यासाठी पांढरा कागद चहाच्या चोथ्याच्या पाण्यातून काढून वाळवत, म्हणजे तो गरीब आणि प्रामाणिक दिसायचा. त्यावर मी गोलसर अक्षरात लिहायचे की या कापडात हळद आहे, डाळिंबाची साल आहे आणि एका खेड्यातल्या बायकांची माया आहे.

खेडं म्हणजे पत्र्याची शेड. बायका सात होत्या. रंग यायचा तो पावडरच्या पिंपांतून, आणि पिंपांवरच्या कवटीच्या खुणेवर शेठनी चुना फासून घेतला होता. आज कुठली ऑर्डर चालू आहे हे मागच्या गटारावरून कळायचं. कधी ते जांभळं वाहायचं, कधी पोपटी, आणि त्यावर फेस तरंगायचा. जेवणाचा डबा उघडला की गटाराचा वास भाजीला लागायचा, पोळीला लागायचा, माझ्या थुंकीतसुद्धा यायचा. आई म्हणायची, “एवढं इंग्लिश शिकून गटाराचा वास घेऊन येतेस घरी.” मी गप्प बसायचे. मी सगळीकडेच गप्प बसायचे. इंग्लिश शाळेमुळे मराठी बोलताना मला शब्द अडायचे आणि इंग्लिश बोलले की शेडमधल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. म्हणून मी नुसती बघायचे. बघण्यात आपण हुशार आहोत, असं मला वाटत असे.

त्या सातजणींत सगळ्यांत जुनी होती ती काकी. कोपर स्टेशनच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावातून यायची. मला बघितलं की हमखास डिवचायची, “बाय, तोंडाला टाका घातलाय का गो? बोल ना जरा!” बाकीच्या बायका सुताच्या लडी काठीने रंगात बुडवायच्या, काकी हाताने. रंग धरला की नाही ते काठीला काय कळतंय, असं तिचं म्हणणं. खरंच, तिच्या हातची लडी कधी डागाळली नाही. पण मनगटापर्यंत तिचे हात कायम निळे असायचे. सुट्टी झाली की ती ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ते घासायची. त्याने रंग थोडा उतरायचा आणि कातडी पुष्कळ. बोटांना भेगा पडल्या होत्या, भेगांच्या आत निळं. “खाडीतले निवटे मासे आता खाववत नाय,” ती म्हणायची. “रॉकेलचा वास मारतो.” आणि म्हणता म्हणता लडी पिळायची. ते पाणी कुठे जातं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मग एक परदेशी बाई कारखाना बघायला येणार असं ठरलं. मोठी ऑर्डर होती. शेठनी पुढची शेड चुन्याने रंगवून घेतली, पितळेची पातेली भाड्याने आणली, हळद आणि डाळिंबाच्या साली उकळत ठेवायचं ठरवलं. पिंपं ताडपत्रीखाली गेली. आदल्या दिवशी त्यांनी बायकांना ओळीने उभं केलं आणि हात पुढे करायला लावले.

“हे निळे पंजे दाखवणार तिला? हळदीने हात निळे होतात का रे?” ते रंगाच्या मास्तरांवर ओरडले. सगळ्यांत वाईट हात काकीचे होते. “काकी, तू उद्या येऊ नको. आणि परवा पण नको. मला आता स्वच्छ हाताच्या बायका लागतील.”

काकी म्हणाली, “शेठ, वीस वर्सं झाली. घरात कमावणारी मीच हाय.”

“मग मी काय करू?”

तेव्हा मी बोलले, शब्द अडत अडत. “सगळ्यांच्या हातांवर मेंदी काढली तर? भरगच्च, कोपरापर्यंत. खालचं काही दिसणार नाही. आणि मेंदी नॅचरलच असते.”

शेठनी टाळी वाजवली. “बघा! ह्याला म्हणतात इंग्लिश शाळा. मास्तर, शिका काहीतरी.” बायका हसल्या. काकी हसली नाही, पण तिची नोकरी राहिली होती आणि ती माझ्यामुळे राहिली होती. त्या संध्याकाळी मी घरी जाताना फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनजवळून मेंदीचे कोन आणले. मला नक्षी येत होती, म्हणून काढायलाही मीच बसले. काकीची पाळी शेवटी आली. तिने हात पदरात घेतले. “मना नाय चालत, बाय.”

मला वाटलं, भेगांमुळे झोंबेल म्हणून म्हणते आहे. म्हटलं, “काकी, हळूच काढते.”

शेजारची बाई मला कोपराने ढोसून म्हणाली, “अगं येडे, तिचा नवरा वारलाय. बिनकुंकवाची बाई मेंदी लावते का कधी? गाव काय म्हणेल तिला?”

वर्षभर मी काकीचं कपाळ बघत होते. मोकळं कपाळ, मोकळा गळा, मनगटात एक बांगडी नाही. बांगड्या रंगात अडकतात म्हणून घालत नसेल, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

शेठ दारातूनच म्हणाले, “चालत नसेल तर घरी जा. जबरदस्ती नाही.”

काकीने थोडा वेळ पातेल्याकडे बघितलं. मग दोन्ही हात माझ्यासमोर ठेवले, तळवे वर करून, आणि मान फिरवली. मी मेंदी काढली. भेगेत मेंदी गेली की तिची बोटं आखडायची. मी थांबले नाही. उलट भेगा झाकल्या जाव्यात म्हणून तिथे वेली काढल्या, पानं काढली. नक्षी छान आली होती, हेही मला दिसत होतं.

परदेशी बाईंची गाडी वाटेत माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकली, असा फोन आला. त्यामुळे मेंदी चांगली रंगली. बाई दुपारी आल्या, हळदीचा वास घेतला, “लव्हली” म्हणाल्या आणि थेट काकीपाशी गेल्या. तिचे हात आपल्या हातात घेतले, फोटो काढला. मला म्हणाल्या, काय प्रसंग आहे विचार.

“काकी, मेंदी कशासाठी विचारतात.”

काकी माझ्याकडे न बघता म्हणाली, “सांग तिला, पोरीचं लगीन हाय.”

काकीला मूल नव्हतं. मी सांगितलं, मुलीचं लग्न आहे. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हा सगळा रंग नैसर्गिकच ना, त्यांनी मलाच विचारलं, शेठना नाही. मी त्यांच्यासारख्याच उच्चारात “येस” म्हटलं.

ऑर्डर मिळाली. शेठनी पेढे वाटले. काकी पेढा घ्यायला आली नाही, म्हणून मी मागे गेले. ती ब्लीचिंगच्या बादलीत हात घालून बसली होती. पाणी नेहमीसारखं पातळ नव्हतं, दुधासारखं दाट होतं. नारळाच्या शेंडीने ती मेंदी घासत होती आणि बादलीत लाल उतरत होतं. ते मेंदीचं नव्हतं.

मी तिचं मनगट धरलं. “काकी, नका. आठ दिवसांत जाईल आपोआप.”

“सोड गो. मना आज घरा जायाचाय. दीर दारातच बसलेला असतो.”

मी सोडलं. हात पदरात गुंडाळून ती गेली, त्या दिवशी मला डिवचलं नाही.

दोन दिवसांनी ती आली तेव्हा हातांना फडकी बांधलेली होती आणि बोटं मिटत नव्हती. रंगात हात घालणं शक्यच नव्हतं. शेठनी तिला गेटवरूनच परत पाठवलं. मग मला म्हणाले, “मॅडम, जागा भरायची आहे. उद्या बायका येतील, तुम्हीच बघून घ्या. तुमची नजर चांगली आहे.”

नोकरी सोडायची हे माझ्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण सकाळी मी गेटवर उभी होते. पाचजणी आल्या होत्या. मी प्रत्येकीचे हात उलटसुलट करून पाहिले, मग कपाळाकडे पाहिलं, आणि अगदी नीट, एकही शब्द न अडता विचारलं, “तुम्हाला मेंदी चालते ना?”