घर आमचं, पाचवा हिस्सा सरकारचा

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. नव्या घराच्या प्लास्टरला भेगा पडतात ना, तसे ते आपोआप पडत जातात. आणि भेगांसारखेच, एकाकडे निघाला की शेजारच्याकडेही निघतो!

आम्ही इंग्लंडमधल्या रीडिंग गावाच्या कडेला एका नव्या वसाहतीत राहतो. वसाहतीला एका पक्ष्याचं नाव दिलंय. तो पक्षी आजवर कुणालाही दिसलेला नाही. इथे आमची तीन मराठी घरं आहेत. मी आणि माझा नवरा निखिल. आमच्या भिंतीला भिंत लावून सचिन आणि पल्लवी. सचिन नागपूरचा, पल्लवी अलिबागची. आणि समोरच्या फ्लॅट्समध्ये पुण्याचे मंदार आणि केतकी. केतकी डॉक्टर, बाकी आम्ही सगळे कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरणारे.

तिघांचंही हे पहिलं घर, आणि तिघांनीही ते सरकारच्या शेअर्ड इक्विटी स्कीममधून घेतलं. स्कीम ऐकायला फार गोड. पाच टक्के पैसे आपले, वीस टक्के सरकार कर्जाऊ देणार, उरलेलं बँकेचं मॉर्गेज. सरकारच्या कर्जावर पहिली पाच वर्षं व्याज नाही. मेख एवढीच, की फेडताना घेतली तेवढी रक्कम फेडायची नाही. त्या दिवशी घराची जी किंमत असेल, तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. म्हणजे घर महागलं, की कर्जही महागलं!

हे कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. आम्ही पाच इंजिनिअर आणि एक डॉक्टर. त्यामुळे कुणीच वाचलं नाही.

*

सुरुवात झाली शो होमपासून, म्हणजे बिल्डरने सजवलेल्या नमुन्याच्या घरापासून. सगळे एकाच शनिवारी बघायला गेलो होतो. जेमा नावाची सेल्सवाली दात दाखवत पुढे, आम्ही मागे. पांढऱ्या भिंती, टेबलावर लिंबं भरलेला काचेचा बोल. इतकी लिंबं घरात कोण ठेवतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

निखिल सहा फुटांचा. मास्टर बेडरूममध्ये जाऊन तो सरळ पलंगावर आडवा झाला. पाय घोट्यापासून बाहेर!

"हा डबल बेड आहे?" त्याने विचारलं.

"हो सर, डबल."

"दोन मुलांचा?"

जेमा खूप हसली. मग पल्लवीच्या लक्षात आलं, की एकाही खोलीला दार नाही. जेमाने तेही हसतच सांगितलं, "दारं काढून ठेवतो आम्ही. खोल्या मोठ्या वाटतात!"

म्हणजे बाईने तोंडावर सांगितलं, की आम्ही तुम्हाला फसवतोय. आम्ही गाडीत बसून तिची भरपूर टर उडवली. आणि संध्याकाळच्या आत तिन्ही घरांनी बुकिंगची रक्कम भरून टाकली.

आता आमच्या बेडरूममध्ये आमचा जुना पलंग आहे, त्यामुळे दार अर्धंच उघडतं. आत शिरताना आडवं व्हावं लागतं. "मग काय बिघडलं?" निखिल म्हणतो, "आत जाऊन तेच तर करायचं असतं!"

*

सचिनने नागपूरला वडिलांना व्हिडिओ कॉल करून बातमी दिली. आम्ही तिथेच चहाला बसलो होतो. सचिनचे वडील वीज मंडळातून रिटायर झालेले, आवाज असा की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"बाबा, पाचवा हिस्सा सरकार देते! पार्टनरच समजा न!"

"अरे वा! मंग पाचवी खोली त्याहिची काय?"

"नाही हो बाबा. ते राहत नाहीत."

"बरं. नळ गळला तर पाचवा हिस्सा दुरुस्ती देतीन?"

"नाही. ते आपणच करायचं."

"घराचा टॅक्स?"

"आपणच."

"आन् घर विकलं तं?"

"तेव्हा मात्र पाचवा हिस्सा घेतात."

मग बाबा म्हणाले, "काहून रे सचिन, त्याले पार्टनर काहून म्हनतं? तो तं जावई आहे!"

*

किल्ल्या मिळाल्या आणि घरांनी गुण उधळले. पल्लवीच्या किचनचा ओटा असा उतरता, की लाटणं ठेवलं की गडगडत सिंकमध्ये. केतकीकडे गार पाण्याच्या नळाला गरम आणि गरमच्या नळाला गार. मंदारच्या दाराची बेल दाबली की वाजायची शेजारच्या म्हातारबांकडे. ते बिचारे प्रत्येक वेळी उठून दार उघडायचे आणि मंदारचं पार्सल घेऊन ठेवायचे.

बिल्डरचा साइट मॅनेजर आला. फ्लीसचं जॅकेट, कानावर पेन्सिल. ओट्यावर त्याने पातळी बघायची स्पिरिट लेव्हल ठेवली. तीही घसरली! त्याने ती वरच्या वर झेलली आणि शांतपणे म्हणाला, "विदिन टॉलरन्स."

म्हणजे चूक आहे, पण चालण्याइतकी आहे. नळ? विदिन टॉलरन्स. बेल? "शेजारी चांगले आहेत ना? मग!"

महिन्याभराने बिल्डरच्या ऑफिसमधून एका मुलीचा पल्लवीला फोन. "ग्राहक म्हणून तुम्ही आम्हाला दहापैकी किती मार्क द्याल?"

"दोन."

"ओह. मॅडम, नऊच्या खाली असेल तर मला कारण लिहावं लागतं. नऊ लिहू का?"

"लिहा ना," पल्लवी म्हणाली. "माझे दोन तुमच्या नऊच्या टॉलरन्समध्येच आहेत!"

*

मंदार हा आमच्यातला कायद्याचा माणूस. रस्ता मोकळा असला तरी हिरवा दिवा लागेपर्यंत उभा राहणारा. घरात मोठा बदल करायचा तर कर्ज सांभाळणाऱ्या ऑफिसला विचारावं लागतं, हे नंतर का होईना, आमच्यापैकी फक्त त्याने वाचलं होतं.

त्याची आई पुण्याहून येणार होती. तिच्यासाठी हॉलमधल्या कपाटाची मधली फळकुटाची भिंत काढून देवघर करायचं ठरलं. आम्ही म्हटलं, "अरे, स्क्रू ड्रायव्हर घे आणि काढून टाक." छे! मंदारने फोन लावला. अर्धा तास होल्डवरचा पियानो ऐकला. मग फोनवर एक बाई आली.

"कपाटाचं काय करायचंय म्हणालात?"

"देवघर. म्हणजे घरातलं छोटं देऊळ."

"लोक येणार का तिथे?"

"माझी आई येणार."

बाईने बराच वेळ टाइप केलं. "आणि या देवळामुळे घराची किंमत वाढेल असं तुम्हाला वाटतं का?"

मंदार खोटं बोलत नाही. म्हणाला, "आम्ही रोज प्रार्थना त्याचीच करणार आहोत!"

परवानगी यायच्या आत आई येऊन, राहून, परतही गेली. त्या काळात देव मायक्रोवेव्हवर होते. चहासाठी दूध गरम करायचं झालं, तरी आई आधी हात जोडायची.

*

दिवाळीला सचिनने संत्रा बर्फी आणली आणि जाहीर केलं, "आपल्या रांगेतलं शेवटचं घर केवढ्याला गेलं, माहीत आहे? आपल्या सगळ्यांची घरं वाढली बे!"

सचिनला हिशेब सुचतो, पण उशिरा. निखिलने डबा पुढे ओढला, बर्फीचे पाच सारखे भाग केले, त्यातला एक टिश्यूत गुंडाळला आणि खिशात घातला.

"हे काय?"

"हा सरकारचा. वाढली ना किंमत?"

सचिनने हातातली बर्फी परत डब्यात ठेवली. पल्लवी मात्र खदखदून हसायला लागली. "मला वाटलं, आपण घर घेतलंय. आपण तर ते सरकारसाठी पाळलंय!"

तो टिश्यू निखिलने परत दिला नाही. सरकारही देत नाही.

*

हा पुढचा किस्सा सांगताना केतकी हसते. मंदार मात्र उठून चहा करायला जातो.

केतकीला वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये हवी ती पोस्ट मिळाली. किती वर्षं तिने त्यासाठी परीक्षा दिल्या होत्या. ठरलं असं, की इथला फ्लॅट भाड्याने द्यायचा, त्या भाड्यात तिकडे भाड्याने राहायचं. मंदारचं काम घरूनच, तो कुठूनही करेल. सोपं! यावेळी कर्जाच्या ऑफिसला फोन केतकीने लावला. मंदार शेजारी बसला होता.

"फ्लॅटचे मालक कोण? मी आणि माझा नवराच ना?"

"अर्थात मॅडम. शंभर टक्के तुम्हीच."

"मग आम्ही तो भाड्याने देतो."

"नाही. भाड्याने देता येत नाही."

"मग विकतो."

"जरूर विका. पाचवा हिस्सा तेवढा आम्हाला द्या."

विकायला काढलाही त्यांनी. तोवर फ्लॅट्सच्या बाहेरच्या भिंतींना आगीचा धोका आहे की नाही, याची तपासणी सुरू झाली होती. तपासणीचा कागद येईपर्यंत एकही बँक त्या फ्लॅटवर मॉर्गेज देईना. कागद काही येईना. गिऱ्हाईकं यायची, खिडकीतून दिसणाऱ्या डबक्याला छान म्हणायची, आणि जायची.

केतकीने पुन्हा फोन केला. "विकला जात नाहीये. भाड्याने द्यायला परवानगी नाही. मग मी करू काय?"

पलीकडचा मुलगा खरंच चांगला होता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्यात राहू शकता."

पोस्ट सोडायची नाही, हे मंदारनेच ठरवलं. "पुढच्या वर्षी ती पोस्ट असेल कशावरून? भिंत काय, कुठे पळून जात नाही," म्हणाला. पण त्याच्या ऑफिसने त्याच सुमारास आठवड्यातून तीन दिवस यायचा फतवा काढला, आणि तो इथेच अडकला. केतकी रविवारी संध्याकाळच्या गाडीने कार्डिफला जाते आणि शुक्रवारी येते. तिकडे एका वेल्श आजीबाईंच्या घरात तिने खोली घेतलीये. पहिल्या दिवशी आजीबाईंनी विचारलं, "तुझं स्वतःचं घर नाही का गं?"

"आहे ना," केतकी म्हणाली. "म्हणूनच तुमच्याकडे भाड्याने राहतेय!"

कागद अजून आलेला नाही.

*

आता सचिनचा सांगते. हा सांगितला, की दुसरं कुणी काही सांगायच्या भानगडीत पडत नाही.

पाच वर्षं झाली, सरकारच्या कर्जावर व्याज सुरू झालं. सचिनने ठरवलं, की बँकेचं मॉर्गेज वाढवायचं आणि सरकारला एकदाचं घरातून काढायचं. त्यासाठी घराची किंमत दोनदा ठरवायची होती. एकदा सरकारसाठी. ती जितकी कमी, तितकं फेडायचं कमी. आणि एकदा बँकेसाठी. ती जितकी जास्त, तितकं चांगलं, नाहीतर बँक पैसे वाढवून देणार नाही. दोन वेगळ्या कंपन्या, म्हणजे दोन वेगळे सर्व्हेअर. आणि दोघांनी एकच दिवस दिला. एक सकाळी, एक दुपारी.

"बघच तू," सचिन मला म्हणाला. "सकाळी झोपडी, दुपारी राजवाडा!"

सकाळची तयारी पल्लवीने मनापासून केली. पडदे उतरवले. दिव्यांचे बल्ब काढले. खोली तापवणाऱ्या प्रत्येक रेडिएटरवर ओले कपडे. हॉलमध्ये सायकली. आणि गॅसवर सुके बोंबील. अलिबागची पोर ती, तिने ते असे परतले की आमच्या घरात माझे डोळे चुरचुरले. निखिलला कामगिरी होती, की त्यांची बेल वाजली की आमच्या बाजूने भिंतीवर हातोडा मारायचा. तो मीटिंगमध्ये म्यूट होऊन हातोडा मारत होता!

सर्व्हेअर आला. पन्नाशीचा, टाय लावलेला, शांत माणूस. सचिन फाटक्या ट्रॅकपँटमध्ये, दाढी वाढवून. "इथे ओल येते. हे शेजारी असे कायमचेच. हा वास जातच नाही हो!" माणूस "आय सी, आय सी" म्हणत राहिला, लेझरने खोल्या मोजल्या आणि गेला.

दार बंद होताच आम्ही तिघं-चौघं तुटून पडलो. खिडक्या सताड उघडल्या. पडदे चढवले. बल्ब लावले. माझी ऑर्किडची कुंडी खिडकीत, केतकीने कार्डिफहून आणलेल्या सुगंधी मेणबत्त्या जिन्यावर. सायकली आमच्या बागेत. ओव्हनमध्ये ब्रेड, म्हणजे घरभर वास सुटेल. सचिन दाढी करून, केस मागे वळवून, लग्नातला ब्लेझर घालून खाली उतरला. पल्लवी म्हणाली, "अगं बाई, हा कोण?" खरंच ओळखू येत नव्हता.

बेल वाजली. सचिनने ऐटीत दार उघडलं.

दारात तोच माणूस! तोच टाय. फक्त हातातली फाइल दुसऱ्या कंपनीची.

मी किचनच्या दारात नॅपकिन धरून उभी. त्याने पायपुसण्यावर बूट नीट पुसले, आत आला. ऑर्किडकडे पाहिलं. मेणबत्त्यांकडे पाहिलं. लेझर काढला आणि सगळ्या खोल्या पुन्हा मोजल्या, एकही न सोडता. सचिन त्याच्या मागून ब्लेझरचं बटण लावत-काढत फिरत होता. सांगायला राहिलंच काय होतं!

सगळं झाल्यावर माणसाने फाइल मिटली, दारापर्यंत गेला आणि वळून अगदी अदबीने विचारलं, "माफ करा सर, सकाळी भेटले ते गृहस्थ तुमचे भाऊ का?"

सचिन म्हणाला, "हो. धाकटा."

"वाटलंच. त्यांना एक निरोप द्याल? त्यांच्या घराची आणि तुमच्या घराची किंमत अगदी सारखी आहे."

"सांगतो," सचिन म्हणाला. "पण त्याला वाईट वाटेल हो!"