पहिल्या प्रकरणाचे सामंत सर

सामंत सर गेल्याची बातमी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तेव्हा मी मुलुंडला आमच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल घेत होतो. वर सुपरव्हिजनच्या ड्यूट्यांचा मेसेज, खाली कोणीतरी विचारलेलं ‘उद्या सुट्टी आहे का’, आणि मध्ये या दोन ओळी. मी फोन खिशात ठेवला आणि प्रॅक्टिकल पुरं केलं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही... आता महिना उलटून गेला, तरी सुचलेलं नाही.

सर गणिताचे. पण गणिताची आवड असलेली मुलं त्यांच्या वाट्याला फारशी आलीच नाहीत. त्यांच्याकडे कायम पहिल्या वर्षाचा एक पेपर असायचा, जीवशास्त्र-रसायनशास्त्र घेणाऱ्यांना लागेल तेवढं गणित. वर्गातल्या निम्म्या मुलांनी अकरावीतच गणित सोडून सुटकेचा निःश्वास टाकलेला असे. पहिल्या तासाला सर कॅन्टीनमधून कटिंग मागवून टेबलावर ठेवत आणि विचारत, हा चहा आत्ता भरभर निवतोय की थोड्या वेळाने निवेल? मुलं म्हणत, आत्ता. पुढे निवण्याचा वेग कमी होत जातो हे कोणाला सांगावं लागत नसे. मग सर म्हणत, म्हणजे बदलाचा वेग तुम्हाला कळतो, त्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतात एवढंच माहीत नव्हतं. तास संपला की तो गार चहा ते उभ्यानेच पिऊन टाकत.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती माझ्या पीएचडीमुळे. विषय खाडीतले खेकडे. चिखलात उतरून बिळं मोजणं मला जमत होतं. पण संख्या वाढते कशी, जागा अपुरी पडू लागली की वाढ मंदावते कशी, हे समीकरणात मांडा असं माझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं आणि माझी वाट लागली. चाळिशीला आलो होतो, बारावीनंतर गणिताचं पुस्तक उघडलं नव्हतं. सरांना म्हटलं, स्टाफरूममध्ये थोडं शिकवाल का? त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. वर्गात येऊन बस, म्हणाले. माझेच विद्यार्थी त्या वर्गात होते. मी चुळबुळ करतोय हे पाहून ते त्यांच्या मालवणीवर आले. “घाबरतंस कित्याक?”

तर एक अख्खं सत्र मी शेवटच्या बाकावर बसलो. सुरुवातीला मुलं वळून वळून बघायची, हसायची. एकदा सरांनी मला फळ्यावर बोलावलं. एरवी मला ‘अरे मोहिते’ म्हणणारे सर वर्गात ‘या, मोहिते सर’ म्हणाले. मी खडू घेतला आणि बेरजेचा लॉग घेताना दोन्ही आकड्यांचे लॉग वेगवेगळे काढून मोकळा झालो. मागे खसखस पिकली. सरांनी बराच वेळ फळ्याकडे पाहिलं. “चूक चांगली आहे,” ते म्हणाले. “पुसू नका.” उरलेला सगळा तास त्यांनी त्या एका चुकीवर घालवला. त्या दिवसापासून, एरवी तोंड न उघडणारी मुलंही प्रश्न विचारायला लागली. त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं ते माझ्यासाठी की त्या मुलांसाठी... विचारायचं राहून गेलं.

माझा प्रबंध झाला. सर निवृत्त झाले. त्यांची जागा काही भरली नाही. तासिका तत्त्वावर येणारे एकेक सत्र काढून निघून जात. शेवटी प्राचार्यांनी तो पेपर माझ्याकडेच दिला, कारण काय तर मला थोडंफार येतं. मी धास्तावून सरांच्या नाहूरच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि हळू आवाजात सांगितलं, आजच डायलिसिस झालंय, फार बोलायला लावू नका. सर पलंगावर उशीला टेकून बसले होते, चेहरा सुजलेला. मीच बोलत राहिलो. मग ते आपणहून म्हणाले, “इतकी वर्षं मी पहिलंच प्रकरण शिकवत आलो रे. देवळाच्या दारात चपला सांभाळल्यासारखं. लोक आत जातात, आपण तिथेच.” त्यांना कधीकाळी संशोधन करायचं होतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. मी आपला वर्गातला अडलेला प्रश्न काढला. डेरिव्हेटिव्ह काढताना एच नावाच्या छोट्या फरकाने भागतात आणि मग तो शून्याकडे नेतात, तेव्हा एका मुलीने विचारलं होतं, एच शून्यच होणार असेल तर आधी त्याने भागता कसं येतं? सरांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली...

“हा प्रश्न आला ना,” ते डोळे न उघडता म्हणाले, “मग तुझं शिकवणं बरं चाललंय.”

“पण उत्तर काय देऊ?”

“लगेच देऊ नकोस. एक दिवस राहू दे तो प्रश्न त्यांच्याकडे.”

ती शेवटची भेट. नंतर फोनवर वहिनीच बोलायच्या. शेवटी शेवटी तेही कमी झालं.

त्यांची एक सवय सांगायची राहिली. वर्गाला प्रश्न विचारला की सर मुलांकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभे राहत. मुलं उत्तर माझ्या चेहऱ्यावर शोधतात, म्हणत. पूर्वी त्या खिडकीतून डोंगर दिसायचा, आता टॉवरचं बांधकाम दिसतं. गेल्या आठवड्यात मी विचारलं, चहा पार गार झाला की त्याच्या निवण्याच्या वेगाचं काय होईल? आणि कधी तिथे जाऊन उभा राहिलो ते मलाच कळलं नाही. समोर क्रेन हळूहळू फिरत होती. वर्गात कोणी बोलेना. मी थकलो होतो, उत्तर सांगून मोकळं व्हावं असं फार वाटत होतं. पण उभा राहिलो. बऱ्याच वेळाने मागून एक चाचरता आवाज आला, “सर... शून्य होईल का?”

“का?” मी न वळता विचारलं.