तो ‘नेव्हर’ माझा होता

गायकवाड सर गेल्याचं मला निलंग्याच्या एसटी स्टँडवर कळलं. ओळखीचा कंडक्टर म्हणाला, “तुझे इंग्रजीचे मास्तर ना? आमच्या पोरालाबी त्यांनीच पास केलं.” लातूरची गाडी समोर लागली होती. मी बाकावरून उठलो नाही... शोकसभेत मात्र पेटून बोललो. जे सांगायचं होतं तेवढंच राहिलं.

सर आमच्या वस्तीतले पहिले शिक्षक. इंग्रजीत गचकलेल्या पोरांना ते बुद्धविहाराच्या ओट्यावर फुकट शिकवत. शब्द पाठ करून घेत नसत. म्हणत, “शिरप्या वर्गात रेअरली येतो, म्हणजे क्वचित. हार्डली एव्हर म्हणजे जवळजवळ नाहीच. अन् नेव्हर म्हणायचं तर एकदासुद्धा नाही. पण हा आला होता एकदा, विहारात खीर होती त्या दिवशी!” शिरप्यासुद्धा हसायचा.

लातूर जिल्हा नवा झाला आणि मागून दुष्काळ आला. टँकर गावात रोज यायचा, आमच्या वस्तीच्या हौदाकडे वळायचा नाही. जिल्ह्याचे साहेब परप्रांतातले, म्हणून सरांनी अर्ज इंग्रजीत लिहायचं ठरवलं. पण आधी उन्हाळी सुट्टीतले पंधरा दिवस ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हौदाजवळच्या लिंबाखाली बसले. टँकर दोनदा आला. सरांनी ‘रेअरली’ लिहिलं.

चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला मी भडकलो. “पंधरा दिवसांत दोन खेपा, ह्याला येणं म्हणायचं? सर, तुम्ही आमचे का टँकरवाल्याचे?”

“दोन्ही खेपांना त्यानं बायांचे अंगठे घेतलेत,” सर शांतपणे म्हणाले. “नेव्हर लिहिलं की तेवढेच दाखवतील अन् आपलं सगळं खोटं पाडतील.”

अर्ज टाइप करून द्यायला लातूरला मी गेलो. टाइप करणाऱ्याला मीच ‘रेअरली’च्या जागी ‘नेव्हर’ सांगितला, सह्यांचा कागद मागं जोडला आणि छाती काढून परत आलो.

सर म्हणाले होते तसंच झालं. दोन खेपांचे अंगठे दाखवून तक्रार खोटी ठरवली गेली. बाया लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर जात राहिल्या. तिथल्याच पायऱ्यांवर गिरजाबाई भरल्या घागरीसकट घसरली, खुबा मोडला, ती पुन्हा सरळ चालली नाही. वस्ती सरांच्या दारात जमली. हातात टाइप केलेली प्रत घेऊन सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लोकांना म्हणाले, “अर्ज माझा. चूक माझी.” मी गप्प राहिलो... पुढं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “तुला लिहायचंय अजून. लोकांनी तुझ्यावर विश्वास ठेवला पाहिजे.” त्या विश्वासावर मी इतकी वर्षं लेख लिहिले, सभा गाजवल्या, दुसऱ्यांच्या खोट्यावर तुटून पडलो. वस्तीत मात्र सरांनी पुन्हा कुणाचा अर्ज लिहिला नाही. कुणी सांगितलाच नाही.

शोकसभेत गिरजाबाई काठी टेकत आली होती. म्हणाली, “मास्तर देवमाणूस. एक चूक झाली त्याच्या हातून, म्या कवाच माफ केली.” माझं भाषण त्यानंतर होतं.

परवा तिच्या घरी गेलो. उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. ती बराच वेळ खुब्यावरून हात फिरवत राहिली.

“मास्तरला ठाव होतं?”

“व्हय.”

“अन् म्या माफ केलं त्याला,” ती म्हणाली. “जिता होता तवा चार वर्सं बोलले नव्हते रे त्याच्याशी.”