पडद्यांना जोडीदार

दादा इंग्लंडहून परत आला तेव्हा घरच्यांनी स्वेटर, घड्याळ, फार तर एखादी शिलाई मशीन येईल असं धरलं होतं. त्याने आणले दोन दरवाजे.

म्हणजे दिसायला ते दरवाजेच होते. छातीइतके उंच, हातभर रुंद, चार बोटं जाड, पुढे-मागे भोकांचा पत्रा आणि कडेने लाकडी चौकट. पुण्याहून भोरपर्यंत त्याने ते टेम्पोत उभे धरून आणले. आमच्या घरमालकीण बाईंनी हात लावून विचारलं, "थंडीत खोली गरम करायचं आहे का हे?"

"नाही हो मावशी. लाऊडस्पीकर आहेत."

"मग कर्णा कुठाय?"

ही सत्तरच्या दशकाची दुसरी पाच वर्षं. मी भोरला शाळेत शिकवत होते, माझे यजमान कचेरीत कारकून होते, आणि दोन खोल्यांच्या आमच्या भाड्याच्या घरात मूल अजून आलेलं नव्हतं. दादा आधी फौजेत सिग्नलला होता, मग परदेशी जाऊन ग्रामोफोनच्या कारखान्यात लागला. तिथे त्याने हे दोन स्पीकर कुणा म्हाताऱ्याकडून जुने विकत घेतले आणि त्यांच्यावर जीव जडवून बसला. आमचं गाव विंझर. तिथल्या घरात अजून वीज नव्हती आणि या दरवाज्यांना तर सतत वीज लागायची. म्हणून त्यांचा मुक्काम माझ्याकडे पडला. माझे यजमान शांत स्वभावाचे. त्यांनी आपली खाट भिंतीला सरकवली आणि एवढंच म्हणाले, "निदान हे जेवायला तरी मागत नाहीत."

दादाने मला समजावून सांगितलं होतं. आत एक पडदा आहे, दुधावरच्या सायीसारखा पातळ. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांत वीज खेळते आणि तिच्या ओढीने तो पडदा हलतो. हलतो तेव्हा आवाज होतो. मला निम्मंच समजलं. पण त्याने पहिली तबकडी लावली आणि एका बाईने गायला सुरुवात केली, तेव्हा मी पोळपाटावरचे हात तसेच पिठाचे घेऊन बाहेर आले. ती बाई खोलीत होती. तिने श्वास घेतला तोही ऐकू आला. रेडिओवर आवाज डब्यातून येतो. इथे डबाच नव्हता.

आमचे वडील, म्हणजे आबा, पंचक्रोशीतल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे आणि गायचेही. चौदा एप्रिलची जयंती, बुद्धपौर्णिमा, लग्नं, नामकरणं, पार पासलीपर्यंत त्यांना बोलावणी असायची. दादाने ठरवलं, आबांचा आवाज टेपवर घ्यायचा. आबा घोंगडीत ढोलकी गुंडाळून एसटीने आले. टेप फिरायला लागली, आबा गायले, मागे झील धरायला मी. शेजारची पोरं दारात गोळा झाली होती, त्यांना दादाने बोट ओठावर ठेवून गप्प केलं.

मग ती टेप पडद्यांवर लावली. आबा आधी हसले, स्वतःचा आवाज ऐकून सगळेच हसतात तसे. मग मान कलती करून ऐकायला लागले. मग कपाळाला आठी पडली.

"ढोलकी कुठंय?"

"ही काय आबा, वाजतेय की."

"ही उजव्या हाताची टकटक हाय. डाव्या हाताची धूम कुठं गेली? गाणारा आलाय हितं, अन् ढोलकीवाला अर्धाच आलाय."

दादाचा चेहरा पडला. कारण ते खरं होतं. आजवर आम्ही बाईचं गाणं, सतार, बासरी असलंच ऐकत होतो. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं की खालचा, पोटात लागणारा आवाज या पडद्यांतून येतच नाही.

"आबा, पडदा पातळ आहे," दादा म्हणाला. "खालच्या आवाजाला खूप हवा ढकलावी लागते. ती याला जमत नाही."

"मंग ढकलाया दुसरा गडी घ्या जोडीला," आबा म्हणाले. त्यांच्या लेखी प्रश्न तिथेच संपला होता.

दादाच्या लेखी तो तिथे सुरू झाला. हल्लीची मुलं ज्याला सबवूफर म्हणतात, त्याचा शोध आमच्या घरात असा सुरू झाला. तेव्हा आम्ही त्याला नुसतं 'खोकं' म्हणत होतो.

पहिलं खोकं आबांनीच आणलं. जत्रांतून तंबूत सिनेमा दाखवणारा एकजण त्यांच्या ओळखीचा होता. त्याचा हंगाम संपलेला आणि सामान भोरमध्येच पडलेलं. हातगाडीवरून एक कपाट आलं. आत ताटाएवढा स्पीकर, पुढे मोठं भोक. दारातून आत घ्यायला दाराची एक झडप काढावी लागली. दादाने टेबलावर तारांची वेटोळी जोडून अशी काही व्यवस्था केली की खालचे आवाज खोक्याकडे जावेत आणि बाकीचे पडद्यांकडे.

टेप लावली आणि मांडणीवरच्या वाट्या बोलायला लागल्या. भिंतीचा पोपडा पडला. वरच्या मजल्यावरून मालकीणबाईंनी काठी आपटली. आबा मात्र खुशीत मांडीवर ताल धरून बसले होते.

"झ्याक! लई झ्याक! आता कशी ढोलकी वाजती!"

दादाने यंत्र बंद केलं. "ही ढोलकी नाही आबा. हा नगारा आहे. तुमचा हात उचलला तरी हा घुमतच राहतो."

"घुमंना का. ऐकाया बरं वाटतं."

"पण पडद्याचा आवाज झटकन येतो आणि झटकन थांबतो. याचा रेंगाळतो. दोघांची जोडी जमत नाही."

"तुला समदं बारीकच पायजे. इंग्लंडात ऱ्हाऊन कान बारीक झालं तुजं."

"आणि तुमचे जत्रेत राहून..." दादा म्हणाला, आणि पुढचं त्याने गिळलं. पण आबांना जे कळायचं ते कळलं. त्यांनी घोंगडी उचलली, ढोलकी काखेत मारली आणि मिळेल त्या एसटीने विंझरला निघून गेले. मी डब्यात भाकरी बांधून देत होते, तीही नेली नाही.

दादा पुण्याला गेला. जुन्या रेडिओंच्या बाजारात दिवसभर फिरून एक मध्यम आकाराचा, जड लोहचुंबकाचा स्पीकर घेऊन आला. मग आमच्या गल्लीतल्या सुताराला बसवून खोकं करून घेतलं. दुहेरी फळ्यांचं, आणि दोन फळ्यांमधे नीरेच्या पात्रातली वाळू, चाळून आणि वाळवून. आत जुन्या गादीचा कापूस. कुठेही भोक नाही.

"हवा जायला जागा?" सुताराने विचारलं.

"नकोच आहे."

"मग आवाज कोंडेल की!"

"कोंडायलाच हवा," दादा म्हणाला. सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवायला आत गेले.

ते खोकं लहान होतं, पण वाळूमुळे उचलायला तिघे लागले. दाराआडच्या कोपऱ्यात ठेवलं, तारा जोडल्या, टेप लावली. आणि काही म्हणता काही नाही. धूम आधी होती तेवढीही उरली नव्हती. दादा सतरंजीवर बसून खोक्याकडे बघत राहिला. त्याला असा बसलेला मी फक्त लहानपणी पतंग कटल्यावर पाहिला होता.

टेप तशीच चालू होती. मी भाताला फोडणी द्यायला स्वयंपाकघरात गेले आणि पाटावर बसणार एवढ्यात थबकले. धूम तिथे होती. स्पष्ट, गोल, आबांच्या हाताची.

"दादा, इकडे ये! तुझी धूम माझ्या चुलीपाशी आहे!"

तो आला, उंबऱ्यावर उभा राहिला, परत सतरंजीवर गेला, परत आला. मग हसायलाच लागला. आवाज खोलीत कुठे साठतो, कुठे एकमेकाला खातो, असं काहीतरी तो भराभर सांगत होता. माझे यजमान कचेरीतून आले तेव्हा आम्ही दोघं ते धूड ढकलत होतो. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि तेही लागले. खोकं दोन पडद्यांच्या मधे आलं. थोडं बरं झालं. मग दादाने मागच्या दोन तारा उलटसुलट केल्या, आणि मी सांगते, आबा समोर येऊन बसले. गळा आणि हात एकाच माणसाचे.

आता आबांना आणायचं कुणी? दादा म्हणाला, "मी गेलो तर येणार नाहीत." म्हणून रविवारी मी निघाले. नसरापूरला गाडी बदलली, मार्गासनीत ती बराच वेळ थांबली, विंझरला उतरले तेव्हा उन्हं चढली होती. आबा खळ्यावर भात झोडत होते.

"म्या न्हाई यायचो," मला पाहताच ते म्हणाले. मी काही बोललेच नव्हते.

"कुठं, आबा?"

"त्येच्या त्या दरवाज्याम्होरं. माजं कान जत्रंतलं हायती."

"दोन्ही खोकी ठेवलीत आबा. मोठंही परत पाठवलं नाही. दादा म्हणतो, ढोलकी तुमची, निवड तुमची."

त्यांनी पेंढी खाली ठेवली. "आसं म्हनला त्यो?"

दादा असं म्हणाला नव्हता. पण म्हणाला असता, एवढी माझी खात्री होती. आबांनी पाय धुतले आणि ढोलकी काढली.

घरी आल्यावर त्यांनी एक गोष्ट केली जी आम्हा कुणाला सुचली नव्हती. "नुस्तं ऐकून काय कळतंय? वाजवून बगतो," म्हणाले, आणि आपल्याच टेपबरोबर वाजवायला बसले. आधी मोठं खोकं. पहिल्या कडव्यात ठीक चाललं. दुसऱ्यात त्यांचा हात अडखळला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. टेपमधली धूम हातानंतर येत होती आणि पुढच्या थापेच्या अंगावर पडत होती. आबा थांबले. दादा खाली बघत होता. तसाच उठून तो तारा लहान खोक्याकडे वळवायला लागला, हे त्याचं मला फार आवडलं.

मग लहान खोकं. आबा वाजवायला लागले आणि थोड्या वेळाने मला कळेना, कुठली थाप टेपची आणि कुठली समोरची. त्यांनाही कळेनासं झालं असावं, कारण मधेच त्यांनी दोन्ही हात वर उचलले आणि ढोलकी वाजतच राहिली. पोरासारखे हसले ते.

"ह्यो बारका गडी कामाचा हाय," ते म्हणाले. मग मोठ्या खोक्याकडे बघून, "पर मोटा बी सोडू नगं. जयंतीला गावात मैदानावर लावू. तितं घुमाया जागा हाय."

"लावू की," दादा म्हणाला. "मैदानावर तोच शोभेल."

आणि खरंच, त्या एप्रिलात ते कपाट बॅटरीवर, बैलगाडीतून विंझरात फिरलं आणि त्याची धूम शिवारापलीकडे गेली म्हणतात.

भोरच्या खोलीत मात्र संध्याकाळी माणसं यायला लागली. शाळेतल्या बाई, सुतार, मालकीणबाई स्वतःची उशी घेऊन. एकदा आबा पासलीच्या आपल्या जुन्या जोडीदाराला घेऊन आले. तो पार्टीत टाळ वाजवायचा, आता डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. त्याला सतरंजीवर बसवलं आणि दादाने टेप लावली. आबा त्याच्या शेजारीच बसले होते. पण टेपच्या सुरुवातीला, गाण्याआधी, आबांनी मंडळींना जयभीम घातला होता. तो आवाज समोरून आला तसा म्हातारा सावरून बसला, दोन्ही हात जोडले आणि पडद्यांकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला,

"जयभीम! या, हितं शेजारी बसा. आज लई लांबनं गानार व्हय?"

आबांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही.